आधी पाणी, मग धार

बरकतपुरा, काचीगुडा, सुलतान बाजार हा हैदराबादचा जुना मराठी वस्तीचा पट्टा. इथल्या स्वयंपाकघरांतही नांदेड-औरंगाबादच्या घरांप्रमाणे विळीची जागा हळूहळू चाकूने घेतली आहे, आणि चाकूबरोबर एक तक्रारही आली आहे. नवा चाकू काही दिवस छान कापतो, मग टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागतो. दोष बहुधा पोलादाला दिला जातो. हल्ली लोखंडच चांगले मिळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. अगदी स्वस्त चाकूंच्या बाबतीत ते खरेही आहे. ज्या पत्र्यात पुरेसा कार्बनच नाही तो कोणत्याही उपायाने कडक होत नाही. पण लोहाराच्या, छोट्या कारखानदाराच्या किंवा हौशी कारागिराच्या हातून जो चाकू घडतो, त्यातले पोलाद सहसा पुरेसे चांगले असते. घात होतो तो पाणी देताना, म्हणजे पाते लाल तापवून झटकन विझवताना. आणि पातळ पात्यांपुरते बोलायचे तर या घाताचे मोठे कारण कामाच्या क्रमात आहे, असे माझे म्हणणे आहे. पाते आधी कागदासारखे पातळ घासून घ्यायचे आणि मग ते भट्टीत घालायचे, हा क्रम उलटा आहे. पाते जाड आणि सपाट असतानाच त्याला पाणी द्यावे, आणि पातळपणा त्यातून नंतर काढावा.

चांगले पोलाद आणि चांगले पाते या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हैदराबादइतके क्वचितच दुसऱ्या कुठल्या शहराला कळायला हवे. इथून उत्तरेला, निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. त्या गावातल्या मुशींमध्ये तयार होणारे उच्च कार्बनचे पोलाद, ज्याला जग 'वुट्झ' म्हणून ओळखते, थेट इराणला जात असे. कर्नल लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला शल्यविशारद आणि भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला इथली भट्टी पाहिली; त्याचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. इस्फहानचे व्यापारी निजामाच्या राज्यातल्या या गावात येऊन मुक्काम करत, स्वतः पारखून माल उचलत. त्याआधी दीडशे वर्षे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानेही गोवळकोंड्याच्या पोलादाची इराणातली ख्याती नोंदवून ठेवली आहे. धातू तेलंगणाचा होता, पण त्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटवणारी तलवार मुख्यतः इराणात घडत होती, आणि जगाच्या बोलण्यात नाव राहिले दमास्कसचे. लोखंडाच्या व्यापारात हे नेहमीचेच आहे. नाव धातू देणाऱ्याचे होत नाही, कारण पात्याचा गुण शेवटी घडवणारा ठरवतो.

याच पोलादाची पुढची हकिगत माझ्या मुद्द्याच्या आणखी जवळ येते. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वुट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या शस्त्रे-अवजारे घडवणाऱ्या कारागिराने त्यातल्या एका तुकड्याचा लहान चाकू केला, तो अंधारात जेमतेम लाली दिसेल इतक्याच मंद तापमानावर ठोकून. चाकू उत्तम निघाला. पुढे १८१९ नंतर हाच स्टोडार्ट मायकेल फॅरेडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग करत राहिला. इतर अनेक युरोपीय लोहारांच्या हाती मात्र वुट्झचा भुगा झाला. त्यांची सवय कमी कार्बनचे लोखंड पांढरेशुभ्र तापवून ठोकण्याची होती, आणि दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेला हा धातू तेवढ्या तापमानाला हातोड्याखाली तुटून पडे. धातू तोच. एकाच्या हाती सुरी झाली, दुसऱ्याच्या हाती चुरा. फरक उष्णतेचा होता.

पाणी देताना पोलादाच्या आत काय घडते ते समजून घेतल्याशिवाय क्रमाचा वाद सुटणार नाही. खोलीच्या तापमानाला लोखंडाचे अणू एका विशिष्ट रचनेत बसलेले असतात आणि त्या रचनेत कार्बनला जवळजवळ जागाच नसते. तो लोखंडाशी संयुग करून वेगळ्या पट्ट्यांत किंवा कणांत राहतो. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे रचना बदलते, अणूंमध्ये मोकळी जागा होते आणि कार्बन त्यात विरघळतो. साध्या कार्बन पोलादाच्या चाकूसाठी ८०० अंशांच्या आसपासचे तापमान योग्य मानले जाते. जुन्या कारागिरांची लोहचुंबकाची खूण इथेच उपयोगी पडते: ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते, आणि त्याहून किंचित वर गेले की पाते पाण्याला तयार असते. आता हे पोलाद सावकाश थंड केले तर कार्बन पुन्हा बाहेर पडून नरम रचना होते. झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आतच अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कडक रचना तयार होते. ही शर्यत ५४० अंशांच्या आसपास सर्वांत तीव्र असते. साध्या कार्बन पोलादाला तो टप्पा सेकंदभरात ओलांडावा लागतो, नाहीतर नरम रचना बाजी मारून जाते. तयार झालेला मार्टेन्साइट काचेसारखा ठिसूळ असतो, म्हणून पाते लगेच २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास असे दोनदा भाजून घ्यायचे. याला टेम्परिंग म्हणतात. त्याने थोडा कडकपणा जातो आणि पुष्कळसा चिवटपणा येतो.

आता पातळपणाचा प्रश्न. पातळ पोलादाला पाणी देणे सोपे असते, असा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धा खरा आहे. पाते पातळ असले की उष्णता पोटातून बाहेर पडायला वेळ लागत नाही. म्हणून जाड पात्याला जिथे मिठाचे पाणी लागते तिथे पातळ पात्याला कोमट तेल पुरते. तेल ५०-६० अंशांपर्यंत गरम केले की ते पातळ होते, पात्याभोवती सहज फिरते आणि पाण्यापेक्षा सौम्यपणे थंड करते. तडा जाण्याची भीती खूप कमी होते. पण जी गोष्ट तेलात आपल्या बाजूची असते तीच भट्टी आणि तेल यांच्या मधल्या हवेत आपल्या विरुद्ध जाते. ढोबळ हिशेब करून पाहा. ८०० अंशांना तापलेले पोलाद दोन्ही बाजूंनी मिळून दर चौरस मीटरला शंभर किलोवॅटच्या वर उष्णता नुसत्या प्रकाश-किरणांनी फेकत असते. चार मिलिमीटर जाडीचा पाटा या वेगाने सेकंदाला पाचेक अंश गमावतो. एक मिलिमीटरचा पत्रा वीसेक अंश गमावतो. आणि ०.३ मिलिमीटरपर्यंत घासून आणलेली कड सेकंदाला साठ-सत्तर अंशांच्या वेगाने थंड होऊ लागते. मागच्या जाड भागातून थोडी उष्णता पुढे येत राहते, म्हणून प्रत्यक्ष घट याहून काहीशी कमी असेल. पण सांडशीने पाते उचलणे, वळणे आणि तेलात बुडवणे यात दोन-तीन सेकंद सहज जातात. तेवढ्यात पाठ लालभडक असते आणि कड काळी पडलेली असते. चाकूचा जो भाग कापणार आहे, नेमका तोच शर्यत हरून तेलात पोचतो. पाठ कडक, कड नरम, असा उलटा चाकू तयार होतो.

यावर कारागीर जो उपाय करतो तो आणखी वाईट असतो. कड थंड पडते हे त्याच्या लक्षात येते, मग तो पाते जास्त तापवतो, की वाटेत थोडे थंड झाले तरी चालेल. पण आठशेच्या जागी नऊशे-साडेनऊशे अंश गेले की पोलादाचे स्फटिककण वाढू लागतात आणि कण जितके मोठे तितकी धार तुटकी. शिवाय पातळ कड पाठीच्या कितीतरी आधी तापते, म्हणजे पाठीची लाली पाहून थांबणारा माणूस कड आधीच जाळून बसलेला असतो. त्यात हवेची भर. उघड्या भट्टीत लाल पोलादाच्या पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि वर नरम लोखंडाची साल उरते. तीन मिलिमीटरच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी दशांश मिलिमीटरची साल गेली तर काहीच बिघडत नाही, ती नंतर घासण्यात निघून जाते. ०.३ मिलिमीटरच्या कडेवर दोन्ही बाजूंनी तेवढीच साल गेली तर आत खरे पोलाद उरते एक तृतीयांश. असा चाकू पहिल्या दिवसापासून बोथट असतो, आणि ग्राहक म्हणतो लोखंड वाईट.

वाकण्याचा प्रश्न मात्र सर्वांना डोळ्यांनी दिसतो, म्हणून त्याचीच चर्चा जास्त होते. वीस सेंटिमीटरचे पाते ८०० अंशांना तापवले की लांबीला जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. तेलात ते आक्रसते, आणि मार्टेन्साइट होताना पुन्हा फुगते, कारण या रचनेचे घनफळ तापलेल्या अवस्थेतल्या पोलादापेक्षा दोन ते चार टक्क्यांनी जास्त असते. हे आक्रसणे आणि फुगणे सगळीकडे एकाच क्षणी झाले तर पाते सरळ राहील. पण कड आधी थंड होते, पाठ मागाहून. एक बाजू तेलाला आधी लागते, दुसरी नंतर. निखाऱ्यावर टाकलेला पापड ज्या कारणाने मुरडतो त्याच कारणाने पाते मुरडते. आणि इथे जाडीचा नियम फार निष्ठुर आहे. पट्टीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. जाडी निम्मी केली की ताकद आठवा हिस्सा उरते. तीन मिलिमीटरची सपाट पट्टी आणि अर्ध्या मिलिमीटरची घासलेली कड यांच्यात २१६ पटींचा फरक पडतो. जो ताण जाड पट्टी मुकाट्याने सोसते तोच ताण पातळ कडेला लाटेसारखा वेडावाकडा करतो. मग कारागीर हातोड्याने ती लाट सरळ करू पाहतो, आणि कडक झालेल्या पात्याचा तुकडा पडतो.

थंडावा, जळालेला कार्बन, वाढलेले कण, पीळ, लाट या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे: भट्टीत गेलेली कड फार पातळ होती. म्हणून उपायही एकच आहे. पात्याचा आकार कापून घ्यावा, मुठीची छिद्रे पाडून घ्यावीत, कारण कडक पोलादाला नंतर साधा ड्रिल लागत नाही. पण उतार काढताना कडेला निदान एक मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवावी. मूळ पट्टीच दोन मिलिमीटरची किंवा त्याहून पातळ असेल तर उतार अजिबात काढू नये, सपाट पट्टीलाच पाणी द्यावे. ठोकून घडवलेले पाते असेल तर त्याआधी दोन-तीनदा लाल करून नुसत्या हवेत थंड होऊ द्यावे, म्हणजे हातोड्याने आत भरलेला ताण निघतो. तेलात पाते टोक खाली करून सरळ उभे जावे आणि पुढे-मागे हलवावे, बाजूला हलवू नये. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढले तर पाते अजून दोनशे-अडीचशे अंशांवर असते आणि मार्टेन्साइट नुकता बनू लागलेला असतो. जाड हातमोजे घालून ते तेवढ्या काही क्षणांत हाताने सरळ करता येते, किंवा दोन जाड लोखंडी पाट्यांमध्ये दाबून गार होऊ देता येते. ही संधी फार थोडी टिकते, पण ती असते, हे ज्याला माहीत आहे तो पुढे हातोडा उचलत नाही. मग टेम्परिंग, आणि त्यानंतर राहिलेल्या एक मिलिमीटरमधून पाण्याच्या साक्षीने ०.३ मिलिमीटरची कड बाहेर काढायची. तिच्या आतल्या पोलादाला भट्टीची हवा कधी लागलेलीच नसते.

या क्रमाच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष दाढीच्या ब्लेडची आहे. किंग कॅम्प जिलेटला पातळ, वापरून टाकायच्या ब्लेडची कल्पना १८९५ मध्ये सुचली, तेव्हा जाणकारांनी त्याला सांगितले की इतक्या पातळ पत्र्याला कडकपणा आणि धार देणे शक्य नाही. सहा वर्षे तो अडून राहिला. १९०१ मध्ये विल्यम निकर्सन हा अभियंता त्याला मिळाला आणि त्याने पातळ पोलादाला पाणी देण्याची व धार काढण्याची यंत्रे उभी केली. १९०३ मध्ये कंपनीने विकले अवघे ५१ रेझर. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांवर गेला. आज जगभर, आपल्याकडे ठाण्याच्या सुपरमॅक्ससारख्या ब्लेडनेही ज्या धंद्यात नाव काढले त्यात, ब्लेडचे पोलाद दशांश मिलिमीटर जाडीच्या लांबलचक सपाट पट्टीच्या रूपातच कडक केले जाते: हजार अंशांच्या वरची भट्टी, आत कार्बन जळू न देणारा वायू, बाहेर पडताक्षणी पाण्याने थंड ठेवलेल्या पाट्यांमधून दाबून थंडावा, मग टेम्परिंग. धार त्यानंतर लागते. माणसाने घाऊक प्रमाणात बनवलेल्या सर्वांत पातळ पात्यालाही उद्योगाने हाच क्रम दिला. पत्रा मुळात पातळ असला तरी तो सगळीकडे सारखा पातळ आणि सपाट आहे, कड आणि पाठ असा भेद त्यात अजून नाही, हे त्यामागचे मर्म आहे.

दुसरी साक्ष आपल्या मंडईतली आहे. जुन्या पॉवर हॅक्सॉच्या पात्यापासून केलेले चाकू देशभर भाजीवाले, मासळीवाले, चर्मकार वापरतात. कारखान्यात बाद झालेले पाते कापायचे, दगडावर उतार काढायचा, लाकडी मूठ बसवायची. भट्टीचा संबंधच नाही. दोन मिलिमीटरच्या आसपासचे हे हायस्पीड पोलाद कारखान्यातच १२०० अंशांच्या जवळ तापवून कडक झालेले असते, आणि त्याची खासियत अशी की पाचशे अंशांपर्यंतही त्याचा कडकपणा ढळत नाही, त्यामुळे कोरड्या दगडावर घासले तरी चालते. (आजकालची बरीच पाती दोन धातूंची असतात आणि त्यांत फक्त दात हायस्पीड पोलादाचे असतात, त्यांचे चाकू होत नाहीत.) हे ओबडधोबड चाकू कितीतरी देखण्या चाकूंपेक्षा जास्त टिकतात, याचे कारण कारागिराच्या कौशल्याइतकेच क्रमातही आहे. पाणी आधी दिले गेले, धार नंतर निघाली.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेचा. महाराष्ट्रातले घिसाडी रस्त्याच्या कडेला पाल टाकून, भाता फुंकून, बाई घण मारते आहे आणि पुरुष सांडशीने पाते फिरवतो आहे, अशा पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या कोयते, विळे, कुऱ्हाडी करत आले आहेत. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद ते ठोकूनच पातळ करतात, कानशीने कड आणतात आणि शेवटी पाणी देतात. त्यांची अवजारे उसाच्या फडात महिनोन्‌महिने चालतात. मग क्रम चुकीचा कसा? या कारागिरांच्या हाताबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचे काम नीट पाहिले पाहिजे. कोयत्याची कड चाकूसारखी पातळ नसतेच. उसाच्या पेरावर आदळायचे असल्याने ती जाडच ठेवावी लागते. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमिअम असते. ते तेलात आणि थोड्या उशिरानेही कडक होते, साध्या उच्च कार्बन पोलादाइतके घाईचे नसते. शिवाय घिसाडी सगळे पाते बुडवत नाही, बहुधा फक्त कड पाण्याला लावतो आणि पाठीत उरलेली उष्णता कडेकडे परत येऊ देतो. रंग बदलताना पाहून पुन्हा विझवतो. म्हणजे एकाच तापवणीत पाणी आणि टेम्परिंग दोन्ही. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच्याकडे कानस होती. कडक झालेल्या पोलादाला कानस लागत नाही, त्यामुळे धार आधी काढण्याखेरीज त्याला मार्ग नव्हता. हा क्रम अवजाराच्या मर्यादेने ठरवला. जिथे मोठे ओले दगड होते तिथे परंपरेनेही दुसरा रस्ता धरला: जपानमधले स्वयंपाकाच्या चाकूंचे कारागीर पात्याला माती लावून पाणी देतात आणि खरा पातळपणा नंतर पाण्याने भिजलेल्या मोठ्या फिरत्या दगडावर आणतात. परंपरा एका बाजूला आणि माझे म्हणणे दुसऱ्या बाजूला, असे चित्र त्यामुळे टिकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी टाळणार नाही. कडक पोलाद घासणे महाग आणि वेळखाऊ असते, सँडपेपरचे बेल्ट भराभर झिजतात. शिवाय घासताना कड तापली तर केलेले पाणी उतरते. दोन्ही खरे. पण पहिला खर्च जितका वाटतो तितका नाही, कारण उरलेली जाडी एक मिलिमीटरची आहे आणि घासायची आहे ती कडेजवळची थोडी रुंदी. वाकलेली, लाट आलेली पाती टाकून देण्याचा खर्च याच्या शेजारी मांडला की हिशेब बदलतो. दुसऱ्या भागाला उत्तर आहे पाणी. २०० अंशांना टेम्पर केलेले पाते घासताना २०० अंशांखाली राहिले तर त्याचे काहीच बिघडत नाही, आणि उघड्या बोटांनी धरलेले, दर फेरीला पाण्यात बुडवलेले पाते तिथवर पोचत नाही. पोलाद आपण होऊन इशाराही देते: तापले की पृष्ठभागावर गवती पिवळा रंग साधारण २२० अंशांना, तपकिरी २५० च्या पुढे आणि निळा ३०० च्या जवळ उमटतो. निळा दिसला म्हणजे तेवढ्या पट्ट्यात चाकूचा कडकपणा गेला. भट्टीतली चूक डोळ्यांना दिसत नाही, दगडावरची दिसते. माझ्या मते हे एकच कारण क्रम बदलायला पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. आता तापमान दाखवणाऱ्या विजेच्या भट्ट्या आहेत, स्टेनलेस पोलाद हवेतही कडक होते, दोन जाड अ‍ॅल्युमिनिअमच्या पाट्यांमध्ये दाबले की सरळ राहते. मग ही काळजी कशाला? इथे मी काही अंशी माघार घेतो. १२-१४ टक्के क्रोमिअमच्या पोलादाला सेकंदाची शर्यत नसते, त्यामुळे हवेत कड थंड पडण्याचा धोका जवळजवळ संपतो. पण त्याला हजार अंशांच्या वर न्यावे लागते, तिथे कार्बन अधिक वेगाने जळतो, आणि पाटे दाबून थंड करण्याची युक्ती तेव्हाच चालते जेव्हा पाते दोन्ही बाजूंनी सपाट असते. उतार काढलेल्या पात्याच्या पाठीला पाटे टेकतात आणि कड मध्येच हवेत राहते. म्हणजे नव्या साधनांनीही सपाट पट्टीचीच बाजू घेतली. ज्याच्याकडे दगड नाही, फक्त कानस आहे, त्याने मात्र जुनाच क्रम धरावा आणि कडेला जितकी जाडी ठेवता येईल तितकी ठेवावी.

हा सगळा विचार चाकू बनवणाऱ्यापुरता राहत नाही, कारण प्रत्येक घरातला चाकू पुन्हा पुन्हा घासला जातो. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला कोरड्या दगडावर जेव्हा ठिणग्या उडवतो तेव्हा त्या ठिणग्यांना घाबरण्याचे कारण नाही. ते पोलादाचे सुटलेले, हवेत जळणारे कण असतात. पाहायचे असते ते कडेकडे. पातळ कडेत उष्णता साठवायला जागाच नसते, त्यामुळे दगडाचा एखादा जोराचा दाब तिला क्षणात तीनशे अंशांवर नेतो, आणि टोकाजवळ, जिथे पाते सर्वांत अरुंद असते, तिथे हे आधी होते. धारवाल्याला पाण्याचा डबा जवळ ठेवायला सांगणे आणि हलक्या हाताने, जास्त फेऱ्यांत काम करायला सांगणे, यासाठी दोन पैसे जास्त द्यावे लागले तरी ते योग्यच आहेत. घरी आल्यावर कडेवर निळसर पट्टा दिसला तर चाकू वाया गेला असे समजू नये. बिघडलेला भाग बहुधा मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो. ओल्या दगडावर तो निळेपणा संपेपर्यंत आणि त्यापुढे थोडे आणखी घासले की खालचे, न तापलेले पोलाद लागते आणि धार परत धरते.